पैसे मिळणाऱ्या ओपन सोर्स मेंटॉरशिपमध्ये निवड होते तरी कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो अशा सॉफ्टवेअरवर मेंटॉरच्या (अनुभवी मार्गदर्शकाच्या) सोबत काही महिने काम करायचं आणि त्याचे पैसे मिळवायचे, असे काही प्रोग्राम आहेत. गूगल समर ऑफ कोड (थोडक्यात जीसॉक), आउटरीची, एलएफएक्स मेंटॉरशिप ही त्यांची नावं आता बहुतेकांना माहीत असतात, स्टायपेंड (मानधन) किती हे तर त्याहून आधी माहीत असतं, पण निवड कशी होते असं विचारलं की सगळं अंदाजपंचे दाहोदरसे. कुणी सांगतं शंभर पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधला बदल प्रोजेक्टला सुचवणं) लागतात, कुणी म्हणतं ओळख लागते, कुणी म्हणतं नुसती लॉटरी आहे. अर्ज वाचायच्या बाजूला बसलं की हेच प्रश्न दरवर्षी त्याच क्रमाने येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. जीसॉकबद्दल जास्त लिहिलंय कारण विचारणारे जास्त तिथलेच असतात.

निवड नक्की कोण करतं? गूगल ना?

नाही. जीसॉक २००५ पासून चालू आहे, त्यात गूगल पैसे देतं, नियम ठरवतं, यंदा कुठल्या संस्था (म्हणजे ओपन सोर्स प्रोजेक्ट चालवणारे गट) घ्यायच्या ते ठरवतं, पण तुमचं प्रपोजल (काय काम कसं करणार ते सांगणारा अर्ज) वाचून गूगलमधलं कुणी मार्क देत नाही. ते वाचतात त्या त्या संस्थेचे मेंटॉर, म्हणजे जे लोक तो प्रोजेक्ट एरवीही सांभाळत असतात, आणि त्यातले बरेच जण स्वतःची नोकरी सांभाळून रात्री-बेरात्री हे करतात. आउटरीची आणि एलएफएक्समध्येही कुणाला घ्यायचं हे मुळात मेंटॉरच ठरवतात.

एवढं डोक्यात बसलं ना की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात. पैसे ज्याचे जातात तो निवडत नाही, वेळ ज्याचा जातो तो निवडतो. मेंटॉरच्या मनात "ही व्यक्ती किती हुशार" यापेक्षा "हिच्यासोबत माझे तीन महिने कसे जातील, मी उत्तर दिलं तर पुढे काही हलेल का, की मधेच गायब होईल" हा हिशोब चालू असतो. हुशारी लागतेच, पण ती या हिशोबातला एक भाग झाली.

स्लॉट स्लॉट म्हणतात ते काय प्रकरण आहे?

स्लॉट म्हणजे जागा. अर्ज बंद झाले की संस्था सगळी प्रपोजल वाचते, क्रम लावते आणि गूगलला कळवते की आम्हाला कमीत कमी इतके आणि जास्तीत जास्त इतके जण हवेत. मग गूगल सगळ्यांच्या मागण्या आणि स्वतःचं बजेट बघून प्रत्येक संस्थेला एक आकडा देतं. नव्या संस्थेच्या वाट्याला सहसा एक-दोनच येतात, जुन्या आणि आधीची वर्षं नीट पार पाडलेल्या संस्थेला जास्त. अलीकडे जगभरातून वर्षाला साधारण हजार-बाराशे लोक निवडले जातात आणि संस्था पावणेदोनशे ते दोनशेच्या घरात असतात, म्हणजे सरासरी पाच-सहा जण एका संस्थेला. पण सरासरीवर भरवसा ठेवू नका, कुठे वीस असतात तर कुठे एकच.

आणि संस्था स्वतःही हात राखून मागते, कारण प्रत्येक जागेमागे वेळ देणारा मेंटॉर लागतो. समजा एका संस्थेकडे दहा खरंच चांगली प्रपोजल आली पण मोकळे मेंटॉर चारच आहेत, तर चारच घेतले जाणार, उरलेल्या सहांना सरळ नकार. त्या सहांमध्ये काही खोट नव्हती. छत्रीसारख्या मोठ्या संस्था असतात, म्हणजे पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन किंवा नमफोकस, त्यांच्याखाली बरेच वेगवेगळे प्रोजेक्ट येतात आणि मिळालेले स्लॉट त्यांच्यात वाटले जातात, मग तुमच्या आवडत्या प्रोजेक्टच्या हातात शेवटी किती उरतात हे आधी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून "यंदा किती घेणार?" हा प्रश्न मार्चमध्ये मेंटॉरला विचारू नका, त्यालाही माहीत नसतं.

मार्क, कॉलेजचं नाव, सीव्ही, यातलं काय बघतात?

जीसॉकमध्ये कॉलेजचं नाव वाचून कुणाचा क्रम वर गेलेला मी तरी पाहिला नाहीये. प्रपोजलमध्ये लोक अर्धं पान स्वतःच्या स्पर्धा, सर्टिफिकेटं, रँक यांनी भरतात आणि मेंटॉर ते अर्धं पान सोडून पुढे जातो, कारण त्याला कोड बघायचा असतो आणि कोड तर समोर उघडाच पडलेला असतो. ओपन सोर्सचा हाच तर फायदा आहे की तुमचं काम थेट दिसतं, त्याची साक्ष द्यायला दुसरं कुणी लागत नाही.

एलएफएक्समध्ये मात्र अर्जासोबत रेझ्युमे आणि कव्हर लेटर मागतात, तिथे ते नीट लिहा. काही मेंटॉर त्याशिवाय एखादं छोटं काम करून आणायला सांगतात आणि असं काम दिलं असेल तर खरी चाळणी तिथेच लागते.

मी विद्यार्थी नाही, नोकरी करतो / करते. मला चालतं का?

जीसॉक २०२२ पासून फक्त विद्यार्थ्यांसाठी राहिलेलं नाही. १८ वर्षं पूर्ण हवीत, तुम्ही विद्यार्थी किंवा ओपन सोर्समध्ये नवखे असायला हवं, ज्या देशात राहता तिथे काम करायची कायदेशीर मुभा हवी, आणि अमेरिकेचे निर्बंध असलेल्या काही देशांतल्या लोकांना घेता येत नाही. याआधी दोनदा निवड झाली असेल तर तिसऱ्यांदा नाही. विद्यार्थी असाल तर अर्थातच चालतं, अजूनही मोठा भाग विद्यार्थ्यांचाच असतो.

किती पीआर लागतात निवड व्हायला? खरा आकडा सांगा.

असा आकडा नाहीये. आणि या प्रश्नापायी जेवढं नुकसान होतं तेवढं दुसऱ्या कशाने होत नसेल, कारण मग लोक रीडमीमधलं (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमधलं) स्पेलिंग दुरुस्त करणारे, एक स्पेस काढणारे, कॉमेंट बदलणारे पीआर ढिगाने टाकतात आणि प्रत्येक पीआर उघडून बघायला मेंटॉरचा वेळ जातो. असे वीस पीआर टाकले की तुमचं नाव लक्षात राहतं हे खरं, पण ज्या कारणासाठी राहतं ते तुम्हाला नको असतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ज्या एका पीआरने फरक पडतो तो असा असतो: एक खरा बग, जो तुम्ही स्वतःच्या मशीनवर आधी पुन्हा घडवून बघितला, का होतोय ते दोन ओळीत लिहिलं, दुरुस्ती केली, सोबत टेस्ट लिहिली. मग रिव्ह्यूमध्ये (बदल तपासताना) मेंटॉरने चार गोष्टी बदलायला सांगितल्या, त्या तुम्ही दोन-तीन दिवसांत बदलल्या, एका ठिकाणी तुमचं मत वेगळं होतं तर कारण देऊन सांगितलं. संपलं. मेंटॉरला तीन महिन्यांची झलक त्या एका पीआरमध्ये मिळाली. असे दोन-तीन झाले तर उत्तमच, पण एकही नीट नसताना तीस किरकोळ असले तर त्याने काही साधत नाही.

काही संस्था हे उघड नियम म्हणूनच ठेवतात. गिट प्रोजेक्ट अर्जाआधी एक मायक्रोप्रोजेक्ट करून घेतो, एफएफएमपेग क्वालिफिकेशन टास्क देतं, सिमपायची अट आहे की अर्जदाराने आधी पॅच (कोडमधला बदल) पाठवलेला हवा. गिटचा मायक्रोप्रोजेक्ट कोड म्हणून अगदी छोटा असतो, काही वेळा चार ओळींचा, पण तो ईमेलने पॅच म्हणून पाठवायचा, लोकांच्या सूचना घ्यायच्या, दुसरी आवृत्ती पाठवायची, तिसरी पाठवायची हे सगळं करावं लागतं आणि बघायचं असतं ते तेच. चार ओळी कुणीही लिहील. त्या चार ओळींवर आलेल्या दहा सूचना न चिडता पार करता येतात का, हे कळलं की मेंटॉरला पुढचा अंदाज येतो.

पण सोपे इश्यू (प्रोजेक्टने नोंदवून ठेवलेले बग आणि कामं) सगळे आधीच कुणीतरी घेतलेले असतात. मग करायचं काय?

हो, फेब्रुवारी-मार्चमध्ये "गुड फर्स्ट इश्यू" (नवख्यांना जमेल असं काम) हे लेबल लागलं की पाच मिनिटांत खाली "मला असाइन करा" असे दहा मेसेज पडतात. त्या रांगेत उभं राहू नका. सॉफ्टवेअर स्वतः वापरा, आठवडाभर खरोखर वापरा, काहीतरी तुटलेलं सापडतंच, आणि तो बग तुम्ही शोधलेला असला की त्यावर काम करायला तुम्हाला कुणी अडवत नाही. किंवा जुने इश्यू बघा, ज्यांच्यावर कुणीतरी सहा महिन्यांपूर्वी "करतो" म्हणून गेलं आणि परत आलं नाही, तिथे नम्रपणे विचारा की हे अजून चालू आहे का. किंवा दुसऱ्यांचे पीआर आपल्या मशीनवर चालवून बघा आणि काय झालं ते लिहा. हे शेवटचं जवळजवळ कुणीच करत नाही आणि मेंटॉरला याचा जेवढा उपयोग होतो तेवढा नव्या पीआरचाही होत नाही, कारण रिव्ह्यूची रांग हीच तर बहुतेक प्रोजेक्टची दुखरी नस असते.

मेंटॉरला पहिला मेसेज काय पाठवू?

"सर मला तुमच्या प्रोजेक्टमध्ये इंटरेस्ट आहे, कृपया मार्गदर्शन करा" हा मेसेज मेंटॉरला दिवसाला दहा वेळा येतो. याला उत्तर काय द्यायचं? त्यात प्रश्नच नाहीये. त्याऐवजी तुम्ही काय केलं, कुठे अडलं, काय करून पाहिलं ते लिहा. उदाहरणार्थ, "मी बिल्ड केलं, टेस्ट चालवल्या, त्यातली अमुक टेस्ट माझ्याकडे फेल होते, लॉग हा, मला वाटतंय अमुक व्हर्जनमुळे असेल, बरोबर आहे का?" अशाला उत्तर येतं, आणि लगेच येतं.

दुसरं म्हणजे खासगीत लिहू नका, जिथे सगळे बोलतात तिथे लिहा. खासगी मेसेजला उत्तर द्यायचं तर एकट्या मेंटॉरला द्यावं लागतं, उघड विचारलं तर दुसरं कुणीही देऊ शकतं, आणि तुमचा प्रश्न विचारायचा ढंग बाकीच्या मेंटॉरनाही दिसतो. निवडीच्या चर्चेत "ही व्यक्ती कोण? हो हो, तिने तो बिल्डचा प्रश्न विचारला होता" हे वाक्य किती महत्त्वाचं असतं ते बाहेरून कळत नाही. आणि "सर" नको, ओपन सोर्समध्ये नावाने हाक मारतात, कुणाला राग येत नाही.

प्रपोजलमध्ये ते नक्की काय वाचतात?

आधी काय वाचत नाहीत ते सांगतो. प्रोजेक्टची ओळख करून देणारी पहिली दोन पानं वाचत नाहीत. मेंटॉरनेच तो प्रोजेक्ट लिहिलाय, त्याला तो काय आहे हे सांगून काय उपयोग, नमनाला घडाभर तेल. संस्थेच्या आयडिया पेजवरचा (कामांच्या कल्पनांची यादी असलेल्या पानावरचा) मजकूर उचलून थोडा फिरवून चिकटवलेला असेल तर तोही लगेच ओळखू येतो.

ज्यावर नजर थांबते ती जागा म्हणजे "हे करणार कसं". कुठल्या फाइलमध्ये काय बदलावं लागेल, कुठला भाग आधी करावा लागेल कारण दुसरा त्यावर अवलंबून आहे, दोन रस्ते असतील तर तुम्ही कुठला घेताय आणि का, काय फसू शकतं. इथे खोटं बोलता येत नाही, कोड वाचलेला असेल तर कळतं, नसेल तर त्याहून लवकर कळतं. मला विचाराल तर प्रपोजलमधली सगळ्यात चांगली ओळ म्हणजे "हा भाग मला अजून नीट कळलेला नाही, पहिल्या आठवड्यात अमुक करून बघणार आहे आणि नाही जमलं तर अमुक करेन". असं लिहायला लोक घाबरतात, वाटतं कमकुवत दिसेल, पण वाचणाऱ्याला हायसं वाटतं, कारण ज्याला अडचण दिसते त्यानेच कोड उघडून पाहिलेला असतो.

टाइमलाइनबद्दल बोलायचं तर आठवडा एक: डिझाइन, आठवडा दोन ते दहा: इम्प्लिमेंटेशन, आठवडा अकरा: टेस्टिंग, आठवडा बारा: डॉक्युमेंटेशन, ही टाइमलाइन प्रत्येक प्रपोजलमध्ये असते आणि म्हणून ती कशालाच लागू पडत नाही. मिडटर्म इव्हॅल्युएशनपर्यंत (मधल्या मूल्यमापनापर्यंत) काय मर्ज झालेलं (मूळ कोडमध्ये सामील झालेलं) असेल ते ठोस लिहा. जीसॉकमध्ये ९० तास, १७५ तास आणि ३५० तास असे तीन आकाराचे प्रोजेक्ट असतात, पण कुठली आयडिया कुठल्या आकाराची ते संस्था ठरवते, तर तुमचा प्लॅन त्या तासांत बसतोय का ते स्वतः हिशोब करून बघा. ९० तासांत तीन महिन्यांचं काम कोंबलेलं प्रपोजल बघून मेंटॉर खूश होत नाही, काळजीत पडतो.

ड्राफ्ट आधी दाखवला तर कुणी चोरणार नाही का?

चोरू शकतं, क्वचित होतंही. पण ड्राफ्ट न दाखवण्याचा तोटा त्याच्या कैक पट आहे. डेडलाइनच्या दोन-तीन आठवडे आधी दाखवलेल्या ड्राफ्टवर मेंटॉर लिहितो की "हा भाग नको, आम्ही तो बदलतोय" किंवा "अमुक विसरलात", आणि शेवटी जे पोचतं ते आधीच त्याच्या ओळखीचं असतं. चोरणाऱ्याकडे मजकूर जाईल, त्यामागचे पीआर आणि चर्चा जाणार नाहीत. फारच भीती वाटत असेल तर ज्या संस्था खासगीत ड्राफ्ट बघतात त्यांना तसा पाठवा, पण आधी त्यांच्या सूचना वाचा, प्रत्येकीची पद्धत वेगळी असते.

शेवटच्या दिवशी ड्राफ्ट पाठवून "फीडबॅक द्या" म्हणणं म्हणजे वरातीमागून घोडं. त्या दिवशी मेंटॉरच्या इनबॉक्समध्ये तसे चाळीस पडलेले असतात.

एआयने प्रपोजल लिहून घेतलं तर कळतं का?

एक वाचलं तर कदाचित नाही कळणार. पण मेंटॉर एकामागून एक पन्नास वाचतो, आणि त्यातली पंधरा एकाच आवाजात बोलत असतात, तेच मथळे, तीच विशेषणं, तीच गुळगुळीत वाक्यं, आणि प्रोजेक्टमध्ये अस्तित्वातच नसलेल्या फंक्शनचा उल्लेख. मग कळतं. एआय वापरण्याबद्दल गूगलनेही अर्जदारांना सूचना दिलेल्या आहेत आणि संस्थांचे आपापले नियम आहेत, कुठे चालतं, कुठे सांगून वापरलं तर चालतं, कुठे अजिबात नाही. ते वाचा आणि पाळा.

गेल्या दोन-तीन वर्षांत अर्जांचा पूर आलाय तो बराचसा यामुळेच, आणि त्याचा परिणाम असा की प्रपोजलच्या मजकुराला पूर्वीएवढी किंमत राहिली नाही. छान लिहिलेलं प्रपोजल आता कुणालाही मिळतं. त्यामुळे मेंटॉर आता आधी चर्चेतलं नाव शोधतो, पीआर शोधतो, रिव्ह्यूमध्ये दिलेली उत्तरं बघतो, काही जण छोटा व्हिडिओ कॉल लावतात, आणि प्रपोजल मग उघडतात. माझ्या मते हे वाईट झालं, कारण जो शांतपणे कोड वाचून मनापासून चांगलं प्रपोजल लिहितो पण चार लोकांत बोलायला बुजतो, त्याचं घोडं आता इथेच अडतं.

मुलाखत होते का?

काही ठिकाणी होते, बऱ्याच ठिकाणी नाही. झाली तर अर्धा तास, आणि त्यात डेटा स्ट्रक्चर विचारत नाहीत, तुमच्याच प्रपोजलमधलं आणि तुमच्याच पीआरमधलं विचारतात. स्वतः लिहिलं असेल तर तयारी वेगळी लागत नाही.

एकाच आयडियावर वीस जण अर्ज करतायत. बदलू का?

बदला, जर तुम्ही त्या वीसमधले असाल ज्यांनी आयडिया पेजवरची सगळ्यात वरची किंवा सगळ्यात चमकदार, म्हणजे हल्ली एआय नाव असलेली, आयडिया उचलली. बहुतेक वेळा एका आयडियाला एकच जण घेतात, उरलेल्या एकोणिसांतला दुसरा क्रमांक कितीही चांगला असला तरी तो बाहेर, आणि त्याच वेळी खाली टेस्ट सुधारण्याची किंवा जुना मॉड्यूल दुसरीकडे हलवण्याची कंटाळवाणी आयडिया असते तिला एकही धड अर्ज आलेला नसतो. मेंटॉरला ती कंटाळवाणी गोष्ट फार दिवसांपासून हवी असते, म्हणून तर ती यादीत आहे.

पण त्या आयडियावर तुम्ही महिनाभर काम केलंय आणि मेंटॉर तुम्हाला ओळखतो, तर आकड्याला घाबरून पळू नका. वीसातले पंधरा कधी कुणाशी बोललेलेच नसतात.

यादीत नसलेली स्वतःची आयडिया दिली तर?

चालते, पण आधी विचारा की ती कुणाला हवी आहे का आणि त्यावर मेंटॉर व्हायला कुणी तयार आहे का. मेंटॉर नसलेली आयडिया कितीही भारी असली तरी निवडता येत नाही, कारण स्लॉट कुणाच्या नावावर टाकायचा? विचारून, चर्चा करून, कुणीतरी "मी बघतो" म्हटल्यावर लिहिलेलं असं प्रपोजल मात्र फार वर जातं.

किती ठिकाणी अर्ज करू?

जीसॉकमध्ये जास्तीत जास्त तीन प्रपोजल देता येतात आणि निवड एकाच ठिकाणी होते. दोन संस्थांनी तुम्हालाच वर ठेवलं तरी जागा एकच मिळते आणि दुसरी संस्था तिच्या यादीतल्या पुढच्याकडे वळते. म्हणून कुठलं तुम्हाला जास्त हवंय ते मेंटॉरने विचारलं तर खरं सांगा. दोघांनाही "तुम्हीच पहिले" सांगणारे सापडतात, ओपन सोर्सचं जग वाटतं तेवढं मोठं नाहीये.

तीनही ठिकाणी आधीपासून काम करणं जवळजवळ अशक्य आहे. एक किंवा दोन पुरेत.

आउटरीचीची निवड वेगळी असते म्हणतात, ती कशी?

हो, बरीच वेगळी. याचं मूळ २००६ मध्ये आहे. त्या वर्षी ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपच्या प्रोजेक्टकडे जीसॉकसाठी १८१ अर्ज आले आणि त्यात एकही बाई नव्हती, तेव्हा ग्नोमने खास स्त्रियांसाठी उन्हाळ्याचा छोटा प्रोग्राम काढला. म्हणजे निवड करणाऱ्यांच्या लक्षात आलं की घोळ निवडीच्या आधीच होतोय, लोक दारापर्यंतच येत नाहीयेत. तो २०१० मध्ये पुन्हा नीट सुरू झाला, पुढे त्याचं नाव आउटरीची झालं आणि आता त्यात फक्त स्त्रिया नाहीत, टेक्नॉलॉजीत ज्यांचं प्रमाण कमी आहे आणि ज्यांना भेदभाव सोसावा लागतो अशा बऱ्याच गटांतले लोक येतात.

इथे दोन टप्पे असतात. पहिल्यात तुम्ही काही निबंधवजा प्रश्नांची उत्तरं देता, तुमच्या वाट्याला काय अडथळे आले, तुम्ही ज्या ठिकाणी शिकता किंवा राहता तिथे तुमच्यासारखे किती आहेत वगैरे, आणि त्या तीन महिन्यांत तुमच्याकडे किती वेळ आहे त्याचा तपशील. ही उत्तरं प्रोजेक्टचे मेंटॉर बघत नाहीत, आउटरीचीचे लोक बघतात. इथे बरेच जण गळतात आणि त्यामागे दोनच मोठी कारणं असतात: उत्तरं मोघम लिहिणं, आणि वेळेचा हिशोब न बसणं, कारण आठवड्याला ३० तासांचं काम आहे आणि त्यात पूर्ण वेळ कॉलेज किंवा नोकरी असेल तर जमत नाही.

पहिला टप्पा पार झाला की मग प्रोजेक्ट दिसतात आणि साधारण महिनाभराचा काळ मिळतो, ज्यात प्रत्येकाने निदान एक तरी काँट्रिब्यूशन करून त्याची नोंद करायची, नाहीतर शेवटचा अर्ज धरत नाहीत. म्हणजे जीसॉकमध्ये जे न सांगता अपेक्षित असतं ते इथे लेखी नियम आहे आणि सगळ्यांना एकाच दिवशी सुरू करायला मिळतं. मला ही पद्धत जास्त न्याय्य वाटते, कारण सहा महिने आधीपासून कुणीतरी सांगितल्यामुळे तयारीत असलेल्याला इथे तेवढा फायदा मिळत नाही. स्टायपेंड ७,००० डॉलर, तुम्ही कुठल्याही देशात असा तेवढाच, आणि बॅच वर्षातून दोन. जीसॉकचा स्टायपेंड मात्र राहत्या देशाच्या महागाईप्रमाणे कमी-जास्त होतो.

एक महत्त्वाचं: आधी जीसॉकमध्ये निवड होऊन गेलेल्यांना आउटरीची मिळत नाही. दोन्ही करायचे मनात असतील तर क्रम आधी ठरवा.

आणि एलएफएक्स?

वर्षातून तीन बॅच असतात, लिनक्स फाउंडेशनच्या छताखालचे प्रोजेक्ट, क्लाउड आणि कुबरनेटीसच्या आसपासचं बरंच काही. एकेका जागेची वेगळी जाहिरात असल्यासारखं असतं, मेंटॉर स्वतःच चाळतो आणि स्वतःच घेतो, त्यामुळे वेगवेगळ्या प्रोजेक्टमध्ये पद्धत खूप बदलते. अर्जाची खिडकी छोटी असते म्हणून आधीपासून त्या प्रोजेक्टमध्ये वावर असलेल्यांना फायदा होतो. नावं जाहीर झाल्यावर बघितलं तर निवडलेली व्यक्ती बऱ्याचदा आधीपासून तिथेच घुटमळत असलेली निघते.

परीक्षा मधे येतेय. सांगू की लपवू?

सांगा. ताकाला जाऊन भांडं लपवायची गरज नाही, मेंटॉरही कधीतरी विद्यार्थी होता. "अमुक ते अमुक तारखेला परीक्षा, त्या दोन आठवड्यांत काम निम्मं, त्याची भरपाई अशी" असं लिहिलेलं असलं की निवडीवर काही परिणाम होत नाही. जीसॉकमध्ये काम १२ आठवड्यांऐवजी लांबवून २२ आठवड्यांपर्यंत नेता येतं, मेंटॉर तयार असेल तर. पण न सांगता जून महिन्यात गायब झालात तर मिडटर्मला फेल करतात, आणि मिडटर्मला फेल म्हणजे तिथेच बाहेर, पैसे नाहीत. त्याच उन्हाळ्यात दुसरी पूर्ण वेळ इंटर्नशिप घेऊन ती लपवणारे तर हमखास पकडले जातात, बहुतेक वेळा त्यांनी स्वतःच ती कुठेतरी अभिमानाने टाकलेली असते.

माझं इंग्रजी कच्चं आहे.

चालतं. मेंटॉरमध्येही कितीतरी जणांची मातृभाषा इंग्रजी नाही. छोटी वाक्यं लिहा, कोड आणि लॉग जोडा. व्याकरण चुकल्याने कुणी मागे पडत नाही, "काय झालं" हे न सांगितल्याने पडतं.

डेडलाइन पाच मिनिटांनी हुकली, काही करता येईल का?

नाही. मेंटॉरला कितीही वाटलं तरी त्याच्या हातात ते बटण नाही. जीसॉकची वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) दिलेली असते, ती आपल्या घड्याळात बदलून घ्या आणि अर्धवट का होईना एक पीडीएफ दोन दिवस आधी चढवून ठेवा, डेडलाइनपर्यंत नवी आवृत्ती चढवता येते.

ओळख लागते का, खरं सांगा.

नातेवाईकाची ओळख म्हणत असाल तर नाही, आणि जिथे मेंटॉर आणि अर्जदार एकमेकांना बाहेरून ओळखतात तिथे चांगल्या संस्था त्या मेंटॉरला त्या अर्जावरच्या चर्चेतून बाजूला बसवतात. पण कामातून झालेली ओळख म्हणत असाल तर हो, तीच तर लागते. कुणी आठ महिने तिथे वावरलं आणि कुणी आठ दिवस, दोघांची प्रपोजल सारखी असली तर आठ महिनेवाल्याला घेतात. यात अन्याय आहे का? थोडा आहे, कारण आठ महिने फुकट काम करायची ऐपत सगळ्यांची नसते. संस्थांमध्ये यावर वाद होतात आणि त्यातून काही जणांनी आधीचं काम मोजताना फक्त ठराविक काळातलंच धरायचं असं ठरवून टाकलंय. सगळीकडे तसं नाही.

नकार आला. कारण विचारलं तर सांगतात का?

विचारा, पण निकालानंतर आठवडाभर थांबून आणि "मी का नाही" असं न विचारता "प्रपोजलमध्ये काय कमी पडलं" असं विचारा. काही जण दोन ओळी लिहितात, काही जण "जागा कमी होत्या" एवढंच सांगतात आणि ते बऱ्याचदा अक्षरशः खरं असतं. दुसऱ्या अर्जदाराशी तुलना मात्र कुणी करून देणार नाही, मागूही नका.

मग अर्धवट राहिलेला पीआर पूर्ण करू की सोडून देऊ?

वेळ असेल तर पूर्ण करा, नसेल तर खाली एक ओळ लिहून सोडा की मला आता जमणार नाही, दुसऱ्या कुणी घ्यायला हरकत नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी रिपॉझिटरीत (प्रोजेक्टचा कोड ठेवतात तिथे) अचानक शांतता पसरते, अर्धे पीआर तसेच लोंबकळत राहतात आणि ते बंद करायचं काम मेंटॉरवर येतं. पुढच्या वर्षी अर्ज वाचणारे बऱ्याचदा तेच लोक असतात आणि नाव शोधलं की मागच्या वर्षीचे पीआरही समोर येतात. पूर्ण वर्ष थांबायचं नसेल तर एलएफएक्सची पुढची बॅच बघा, किंवा केडीई या ओपन सोर्स प्रोजेक्टचा सीझन ऑफ केडीई बघा, तिथे पैसे नाहीत पण मेंटॉर मिळतो.